गोळ्या संपल्यात

दिग्या, तुझ्या नावावर मी एक खोटं बोललोय, आणि आता ते माझ्या हातात राहिलेलं नाही.

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, "भावोजी, शेवटचं तुमच्याशीच बोलले ना? काय म्हणाले?" आता मला काय सुचणार? माझं डोकं तुला माहीतच आहे, चपातीला तेल लावायचं की पीठ याच्यातच दिवस जातो त्याचा. तोंडाला आलं ते बोलून गेलो. म्हटलं, "वहिनी, तो म्हणाला, पोरीला खूप शिकव. आणि माझी काळजी करू नका, मी समाधानी आहे."

समाधानी! तू! ज्याला चहात साखर कमी पडली तर चार वेळा कप आपटायची सवय, तो समाधानी. वहिनींनाही पटेना. "असं बोलले? हे?" मी म्हटलं, "हो, अगदी असंच." आणि वर रडलो पण, म्हणजे खरं वाटावं म्हणून नाही, रडू आलंच होतं, पण ते नेमकं त्याच वेळी आलं.

तुझ्या पोरीने ते वाक्य तुझ्या फोटोखाली लिहिलं आणि स्टेटसला लावलं. मग इथल्या मराठी मंडळातल्या मॅडमचा फोन आला. बुकित तिमाहच्या, ज्यांच्या काँडोत, म्हणजे त्या पॉश सोसायटीत, मी सणाला पुरणपोळ्या पोचवतो, त्याच. म्हणाल्या, "आमच्या वार्षिक पुस्तिकेत दिगंबररावांवर एक पान करतोय. त्यांचे शेवटचे शब्द मोठ्या अक्षरात टाकणार आहोत. तुम्ही त्यांचे रूममेट, तर चार ओळी तुम्हीच लिहा ना." मी म्हटलं, "मॅडम, मी चौथी पास. पाचवीत मास्तरांनी आणि मी दोघांनी मिळून ठरवलं की आता पुरे." त्या म्हणाल्या, "बोलता तसं लिहा हो." आणि मग म्हणाल्या, "त्यांना काही छंद होता का?"

दिग्या, सांगू काय? की माझा दोस्त तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये बसून बंदुकीच्या गोळ्यांना लावायचं मेण बनवायचा? सिंगापुरात? या देशात मी रस्त्यावर शिंकलो तरी आजूबाजूला कॅमेरा बघतो. मी म्हटलं, "मेण." त्या म्हणाल्या, "मेणबत्त्या बनवायचे? किती सुंदर!" आता त्या पानावर तू समाधानी आहेस आणि मेणबत्त्या बनवतोस. मी नुसता हो हो म्हणत बसलो आणि तुझ्याऐवजी दुसराच कोणीतरी माणूस तयार झाला.

म्हणून हे लिहायला बसलोय. पान परवा द्यायचंय. त्याच्या आत मला वहिनींना खरं काय ते सांगायचंय, आणि खरं सांगायच्या विचाराने माझं पीठ मळण्यात लक्ष लागत नाही. काल मालक म्हणाला, "बाळा, आज चपात्या गोल का नाहीत?" मी म्हटलं, "नकाशा काढतोय."

तुझं मेण आधी सांगू दे. बाकीचं सांगायला मला धीर लागणार आहे.

तुझ्या बाबांची ठासणीची बंदूक, शेती राखायच्या लायसनवाली. डुकरं येतात म्हणून. बाबा शिसं वितळवून गोळ्या स्वतः ओततात, मेण लावलेल्या फडक्यात गुंडाळतात आणि नळीत ठासतात. हे सगळं तू मला पहिल्या महिन्यातच सांगितलंस, आणि मी पलंगावरून उठून आधी दार लावलं होतं. तुझं दुःख एवढंच होतं की बाबांचं मेण मे महिन्यात पातळ होऊन गळतं आणि थंडीत दगड होतं. मग एका बारानंतर नळीत काजळी धरते आणि दुसरी गोळी अर्ध्यात अडकून बसते. डुक्कर बघत उभं राहतं, असं तू म्हणायचास. "डुक्कर हसतं रे आमच्या म्हाताऱ्याला."

आणि तू ठरवलंस की असं मेण बनवायचं जे गळणार नाही. सिंगापुरात बाराही महिने मे महिना, म्हणजे इथे टिकलं तर कोकणात टिकणारच. गावाहून बाटलीत आणलेलं मधाच्या पोळ्याचं मेण, खोबरेल, आणि आंटीने देवासमोर जाळून उरलेल्या लाल मेणबत्त्यांचे तुकडे. आपली चिनी घरमालकीण आंटी. तिला वाटायचं तू फार धार्मिक आहेस. बिस्किटाच्या डब्यात तुकडे साठवून द्यायची आणि वर भांडायची पण. "एवरी संडे स्मेल लाइक टेंपल, कॅनॉट लाह! यू ओपन विंडो!" तू लगेच खिडकी उघडायचास आणि तिच्या कपाटाचा अडकणारा खण तेच मेण लावून सरळ करून द्यायचास. मग ती गप्प.

लाल मेणबत्त्यांनी सगळं मेण गुलाबी झालं. पहिला डबा तू सुट्टीत गावी नेलास, बाबांनी लावून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो गोळ्यो खंय लग्नाक जातत?" हे तू मला येऊन सांगितलंस तेव्हा हसता हसता खुर्चीवरून पडला होतास.

मी मात्र कायम घाबरलेला. तू डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलंस, 'गोळ्यांचं मेण'. मी म्हटलं, "अरे, कोणी वाचलं तर? आजकाल फोन नुसता धरला तरी भाषांतर करतो." तू चिडलास की मालवणीत, एरवी माझ्याशी सरळ मराठीत. "बाळ्या, मेल्या, ह्या मेन आसा, मेन! मेनाक खंयचो कायदो? गोळी खंय आसा हय? बंदूक खंय आसा? गप रव!" मी गप्प राहिलो, आणि तू कामावर गेल्यावर तुझं लेबल खरवडून काढलं. त्यावर लिहिलं, 'तूप'. माझ्या मते फार हुशारी केली होती. दुसऱ्या सकाळी डुलक्या घेत भाकरी भाजली, डबा उघडला, बोटभर घेतलं आणि लावून खाल्लं. मीच लिहिलेलं, मीच फसलो. दिवसभर माझी जीभ टाळ्याला चिकटत नव्हती, बोललो की शब्द घसरून बाहेर पडायचे. तू म्हणालास, "टेस्ट पास. अडकत नाही."

आपलं एक भांडण राहिलंय. मी म्हणायचो, खोबरेलाऐवजी खरंच तूप घाल, तूप कढवलं की वर्षभर टिकतं, मला विचार, मी स्वयंपाकी आहे. तू म्हणायचास, तूप खवट होतं, बाबा बंदूक चाटतील. दर रविवारी हेच. मी म्हणायचो एकदा करून तर बघ, तू म्हणायचास पुढच्या वेळी. तुझं कधी काही चुकायचंच नाही. याच्यावर मी अजूनही रागावलेला आहे, आणि आता तूप घालून बघावं तर बरोबर निघालो तरी कुणाला दाखवू?

पण एक रविवार मी विसरत नाही. माझी आई गेली तेव्हा मला येऊन तीन महिने झाले होते, जाता आलं नाही. दुपार होती. सगळे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून जात होते, आणि तू काहीच बोलला नाहीस. पातेल्यात मेण ठेवलंस, माझ्या हातात चमचा दिलास आणि म्हणालास, "ढवळ. उकळू द्यायचं नाही, थिजू पण द्यायचं नाही." मी दोन तास ढवळत बसलो. डोळ्यातलं पाणी त्यात पडलं तर तडतडायचं. तू म्हणालास, "पाणी नको रे घालू, बिघडतं." मी हसलो. त्या दिवशी हसलो म्हणून मी स्वतःला कितीतरी दिवस शिव्या घातल्या, पण हसलो म्हणून उभा राहिलो. हे तुला सांगायचं राहिलं. थँक्यू म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, "इंग्रजी येता वाटता तुका?"

इंग्रजीवरून आठवलं, पहिल्या आठवड्यात मी मेट्रोत तीन वेळा तोआ पायोह सोडून पुढे गेलो आणि बिशानला उतरलो. तिन्ही वेळा तू घ्यायला आलास. "हलू नको. खांबाला धर." मी खरंच खांबाला धरून उभा राहायचो. लोक मला वळसा घालून जायचे.

आता ते सांगतो.

तुला प्रेशर निघालं गेल्या वर्षी. क्लिनिकमध्ये मीच बरोबर होतो. डॉक्टरने रोज एक गोळी सांगितली, आणि बाहेर येऊन तू माझी कॉलर धरलीस. "घरी कळता कामा नये. तुझी वहिनी मला सिंगापुरात ठेवणार नाही." मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात मी पोटात काही ठेवू शकलेलो नाही, मालकाला सासू आवडत नाही हे मी त्याच्या सासूलाच सांगितलं होतं. एक हीच गोष्ट ठेवली, आणि नेमकी ठेवायची नव्हती ती.

तू दहा दिवसांसाठी बंदराबाहेरच्या त्या जहाजावर गेलास, इंजिन खोलायला. जाताना हसत होतास, कारण नवीन डबा झाला होता, अगदी हवा तसा, आणि पुढच्या महिन्यात तू गावी जाणार होतास. पाचव्या दिवशी दुपारी फोन केलास. मी तव्यासमोर, एका लग्नाच्या ऑर्डरच्या चपात्या, एका हातात उलथणं. आवाज तुटत होता. तू म्हणालास, "बाळ्या, गोळ्या संपल्यात रे. काहीतरी बघ."

आणि मी काय म्हणालो, दिग्या?

मी म्हणालो, "मग शिसं वितळव! बापाला सांग ओतायला!" आणि मोठ्याने हसलो. बाजूचा पोरगा पण हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. आपल्या खोलीत गोळ्या म्हणजे बाबांच्याच गोळ्या, दुसऱ्या कुठल्या आपण बोललोच कधी? त्या दुसऱ्यांचं तर नावही घ्यायचं नाही असं तूच सांगितलं होतंस. तू काहीतरी म्हणालास, "अरे नाही रे..." एवढं ऐकू आलं. मग कट झालं. मी परत फोन लावला नाही. तव्यावर सहा चपात्या होत्या.

क्लिनिक आपल्या बिल्डिंगपासून चार मिनिटांवर. तुझी चिठ्ठी तिथेच ठेवलेली असते. रोज सकाळी लाँच जाते त्या जहाजांकडे, कुणाच्याही हातात पाकीट दिलं असतं. हे मी गेले चौदा दिवस मनात करतोय. क्लिनिकला जातो, पाकीट घेतो, लाँचवाल्याला देतो. रोज वेळेत पोचतं.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, आणि म्हणाला तू जहाजाच्या जिन्यात पडलास, डोक्यातली शीर फुटली. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा तुझ्या नाकात नळी होती आणि डोकं एका बाजूला. मी तुझ्या कानात पहिलं काय बोललो माहीत आहे? "तूप घालून बघू पुढच्या वेळी." नर्सला वाटलं मंत्र म्हणतोय.

तोपर्यंतही मला कळलं नव्हतं. तुझी बॅग भरताना कळलं. दाढीच्या सामानात गोळ्यांचं पाकीट होतं, दहाही घरं रिकामी, चांदी फाटलेली. मी बसून राहिलो, बोटाने एकेक भोक चाचपत. आंटी दारात आली, म्हणाली, "यू ओके? यू ईट ऑलरेडी?" मी म्हटलं, "नो ईट." तिने मान हलवली आणि माझ्यासाठी लापशी घेऊन आली.

मग मी क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टरला विचारलं, चार दिवस गोळी नाही घेतली म्हणून झालं का? तो म्हणाला, "हार्ड टू से." मला वाटलं हार्ट म्हणाला. मी म्हटलं, "नो डॉक्टर, हार्ट नॉट, ब्रेन." त्याने परत सावकाश सांगितलं, "हार्ड... टू... से. ही ऑल्सो फर्गेट मेनी टाइम." म्हणजे तू आधीपण चुकवायचास. म्हणजे माझ्यामुळे झालं का नाही, हे आता कोणीच सांगणार नाही. निदान शिक्षा तरी होते लोकांना. माझं हे असं अधांतरी.

तुला घरी पाठवलं तेव्हा मी बरोबर आलो नाही. वहिनींना सांगितलं सुट्टी मिळाली नाही. खरं म्हणजे मी मागितलीच नाही. मालक स्वतः म्हणाला होता, जा. मला वहिनींच्या समोर बसायची भीती वाटली. विमानतळावर कागदांवर मी तीनदा चुकीच्या रकान्यात सही केली, तेव्हा बाईने मला पाणी दिलं. एवढीच मी तुझी शेवटची सोबत केली, एक ग्लास पाणी पिऊन.

या रविवारी आंटीने परत लाल तुकड्यांचा डबा पुढे केला. मी म्हटलं, "आंटी, माय फ्रेंड नो मोअर." ती म्हणाली, "आय नो. ही नॉट फिनिश. यू फिनिश, लाह." डबा माझ्या हातात देऊन खिडकी उघडायला गेली. मी तो तुझ्या पलंगावर ठेवलाय. शेगडी पेटवायची हिंमत नाही.

इथवर सकाळी लिहून ठेवलं होतं. दुपारी जेवणाची गडबड संपल्यावर मी खाली व्हॉइड डेकच्या, म्हणजे बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेतल्या, बाकड्यावर बसलो आणि वहिनींना फोन लावला. आधी दोनदा लावून कट केला होता. तिसऱ्यांदा त्यांनीच उचलून विचारलं, "भावोजी, बटण अडकतंय का तुमचं?"

मी म्हटलं, "वहिनी, तो तसं काही बोलला नव्हता. शिकव, समाधानी, ते सगळं मी जोडलं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "समाधानी म्हणे! हे? मी पोरीसाठी गप्प बसले. काय बोलले मग?"

मी सांगितलं. सगळं. प्रेशरचं, क्लिनिकचं, माझ्या हसण्याचं, मॅडमच्या मेणबत्त्यांचंसुद्धा. किती वेळ बोललो माहीत नाही. समोर दोन म्हातारे कॉफी पीत होते, ते माझ्याकडे बघायला लागले.

मग वहिनी म्हणाल्या, "ह्यांना प्रेशर होतं?"

"हो."

"वर्षभर?"

"हो, वहिनी."

"आणि मी इकडे ह्यांच्यासाठी खारातले आंबे पाठवत होते. बरणी भरभरून." त्यांचा आवाज फाटला. मी म्हटलं, "आंबे मी खाल्ले सगळे." ते खरंच आहे, तुला माहीत आहे. त्या रडता रडता म्हणाल्या, "तुम्ही खाणारच."

मग म्हणाल्या, "भावोजी, मला पण फोन केला होता त्यांनी. त्याच दिवशी. तुमच्या आधी की नंतर, ते आता बघायचं नाही मला."

मी बाकड्यावरून उठलो.

"मला म्हणाले, अगो, गोळ्यो संपल्यो. मी वैतागले. म्हटलं तिकडे जहाजावर जाऊन पण तुम्हाला डुकरंच सुचतात का? मला शेणी थापायच्या आहेत. ते म्हणाले, बरं, ठेव. बस, एवढंच." नाक ओढल्याचा आवाज आला. "पण वाईट वाटलं नंतर. म्हणून मामंजींना सांगितलं, तुमचा मुलगा विचारतोय, गोळ्या संपल्या का म्हणून. तर म्हातारा खूश. म्हणे माझी आठवण आली त्याला. मासे धरायच्या जाळ्याचं जुनं शिसं गोळा केलं, अंगणात चूल मांडली, आणि दोन दिवस बसून ओतत होते. हात भाजून घेतला. रोज विचारायचे, गो, किती दिवस ऱ्हवले त्याक येवक? डबा भरलाय, भावोजी. तो आता कुणी उघडत नाही."

मी विचारलं, "बाबांना सांगितलंत?"

"काय सांगू? कुठल्या गोळ्या ते?" त्या म्हणाल्या. "नाही सांगणार. तुम्ही पण नाही. पण त्या बाईंना मेणबत्त्या नका छापू म्हणावं. ह्यांच्या जिवाला पटणार नाही. खरं काय ते लिहा तुम्ही. हसले लोक तर हसू देत."

म्हणून खरं लिहिलंय. मॅडम, मोठ्या अक्षरातलं ते वाक्य काढा, आणि ही पुस्तिका गावी पाठवू नका.

एक हसला, एक वैतागली, आणि एक म्हातारा हात भाजून घेत दोन दिवस चुलीपाशी बसला. सगळ्यांनी तुझं ऐकलं होतं, दिग्या. नुसतं टॅबलेट म्हणाला असतास, मेल्या.